अर्थमिति कशी शिकावी?



अर्थशास्त्राच्या एम. ए. चें दुसरें वर्ष सुरू झालें, म्हणजे अध्यापकाच्या दारांत एक प्रश्न हटकून येऊन उभा राहतो. प्रबंधाचा विषय अजून पुरता ठरलेला नसतो, आंकडे कोठून मिळावयाचे याचा पत्ता नसतो, पण "सर, मी पद्धति कोणती वापरूं?" हा प्रश्न मात्र तयार असतो. वधूवरांची गांठ पडण्यापूर्वींच वाजंत्री कोणाची सांगावी याचा खल करण्यासारखें हें आहे. ज्या घरांत असा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असेल, त्या घरच्या वडील मंडळींनीं हेंही पाहिलें असेल कीं, मूल रात्र रात्र संगणकापुढें बसतें, कागदांची चळत वाढत जाते, आणि "काय शोधून काढलेंस?" असें विचारलें तर सरळ वाक्यांत उत्तर येत नाहीं. आजच्या भाषणांत या विद्येविषयीं, म्हणजे अर्थमितीविषयीं, आणि ती शिकण्याच्या रीतीविषयीं कांहीं सांगावयाचें योजिलें आहे. नभोवाणीवर फळा नसतो, तेव्हां समीकरणांवांचूनच निभावून न्यावें लागेल. आणि माझ्या मतें त्यानें फारसें बिघडणारही नाहीं.

अर्थव्यवहारांतील संबंध आंकड्यांच्या साहाय्यानें मोजण्याचें शास्त्र तें अर्थमिति. युरोपीय भाषांत या शास्त्राला आजच्या अर्थानें नांव दिलें तें नॉर्वेचे रॅग्नर फ्रिश यांनीं, १९२६ सालीं. १९३० मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, १९३३ पासून तिचें 'इकॉनोमेट्रिका' हें नियतकालिक निघूं लागलें, आणि १९६९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक प्रथमच दिलें गेलें तें फ्रिश आणि हॉलंडचे यान टिनबर्गेन या दोघां अर्थमितिकारांनाच. बाळपणापासून या शास्त्राला टीकाकारही तसेच जबर भेटले. टिनबर्गेन यांनीं राष्ट्रसंघासाठीं व्यापारांतील तेजीमंदीचा आंकडेबद्ध अभ्यास केला, तेव्हां १९३९ सालीं केन्स यांनीं त्यावर कडक परीक्षण लिहिलें. त्यांच्या आक्षेपांपैकीं एक प्रमुख आक्षेप असा कीं, कारणांची यादीच जर अपुरी असेल, तर त्या यादींतल्या कारणांना गणितानें कितीही बारकाईनें हिस्से वांटून दिले तरी तें वांटप खरें कसें मानावें? आठ दशकें उलटून गेलीं तरी हा आक्षेप जुना झालेला नाहीं.

त्या काळीं एक समाश्रयण, म्हणजे विद्यार्थी ज्याला 'रिग्रेशन' म्हणतात तें, करावयाचें तर हातानें फिरवावयाच्या गणनयंत्रावर दिवसचे दिवस जात. आज तें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों होऊन जातें. ही सोय मोठी खरी. पण पूर्वीं श्रमाच्या धास्तीनें माणूस विचार करून एकच गणित मांडी, आतां तो पन्नास मांडतो आणि विचार मागाहून करतो. मग शिकावयाचें उरलें काय? माझें म्हणणें असें कीं, मुख्य तेंच उरलें आहे. समोर आंकड्यांत जो फरक दिसतो आहे तो आला कोठून, हें सांगतां येणें ही खरी अर्थमिति. पद्धतींचीं नांवें त्यानंतर.

यंत्र कधीं लाजत नाहीं. त्याला आंकड्यांच्या कोणत्याही दोन रांगा द्या, त्यांतील संबंध तें दशांशचिन्हापुढें चार घरांपर्यंत काढून देतें. त्या संबंधाला कांहीं अर्थ आहे कीं नाहीं हें तें विचारीत नाहीं. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांनीं १९२६ सालीं याचा एक मासला पुढें ठेवला. १८६६ ते १९११ या काळांत इंग्लंड व वेल्समध्यें एकूण विवाहांपैकीं तेथील प्रस्थापित चर्चमध्यें लागलेल्या विवाहांचें प्रमाण घटत गेलें. त्याच काळांत मृत्यूचें प्रमाणही घटत गेलें. या दोहोंचा सहसंबंध भरला ०.९५, म्हणजे जवळ जवळ पूर्ण. चर्चमधील लग्नें कमी झाल्यामुळें माणसें अधिक जगूं लागलीं, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. काळाबरोबर एकाच दिशेनें सरकणाऱ्या दोन गोष्टी हातांत हात घालून चालल्यासारख्या दिसतात, एवढेंच त्यांत आहे. १९७४ सालीं ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनीं तर असें दाखविलें कीं, एकमेकींशीं काडीचाही संबंध नसलेल्या, केवळ यदृच्छेनें भटकणाऱ्या दोन मालिका घेतल्या तरी नेहमींची कसोटी चारांपैकीं सुमारें तीन वेळां 'संबंध आहे' असाच निर्वाळा देते. भाव, चलन, वेतन, आयात हे आपले नित्याचे विषय बहुधा काळाबरोबर वाढणारेच असतात. तेव्हां त्यांतल्या कोणत्याही दोहोंचा घट्ट संबंध सांपडला म्हणून हुरळून जाण्याचें कारण नाहीं.

याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे, आणि अर्थमितीचा खरा उंबरठा तोच. उदाहरण घरचेंच घेऊं. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवचा कांद्याचा बाजार सर्वांस ठाऊक आहे. समजा, एका विद्यार्थ्यानें तेथील कांहीं वर्षांची रोजची आवक आणि रोजचा भाव यांचे आंकडे मिळविले. भाव चढला तर गिऱ्हाईक कांदा किती कमी घेतें, हें त्याला शोधावयाचें आहे. तो आवक आणि भाव यांचे ठिपके कागदावर मांडतो, त्यांतून एक रेषा ओढतो आणि म्हणतो, ही मागणीची रेषा. पण ती मागणीची कशावरून? गारपिटीनें उन्हाळ कांदा हातचा गेला, तर आवक घटते नि भाव चढतो. त्या दिवसांचे ठिपके गिऱ्हाइकाचा स्वभाव सांगतात. उलट परदेशची मागणी एकाएकीं वाढली, तर भाव चढतो, म्हणून शेतकरी चाळींत राखून ठेवलेला कांदा बाहेर काढतो आणि आवकही वाढते. त्या दिवसांचे ठिपके शेतकऱ्याचा स्वभाव सांगतात. प्रत्यक्ष वहींत दोन्ही प्रकारचे दिवस मिसळलेले असतात. त्यांतून निघालेली रेषा ना मागणीची, ना पुरवठ्याची. दोघांच्या ओढाताणींत जेथें जेथें दोर थांबला तेथल्या खुणा, एवढाच तिचा अर्थ. आणि आंकडे दहापट जमविले तरी ही अडचण तिळभरही कमी होत नाहीं. उणीव आंकड्यांची नसून प्रश्नाच्या मांडणींतली आहे.

या कोड्यांतून वाट काढली ती फिलिप राइट नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थांनीं. हे मोठे हरहुन्नरी. एका लहानशा महाविद्यालयांत ते नानाविध विषय शिकवीत. पुढें कवि म्हणून नांवारूपास आलेले कार्ल सँडबर्ग त्यांचे विद्यार्थी, आणि त्यांच्या आरंभींच्या कविता राइट यांनीं आपल्या घरच्या छापखान्यांत छापल्या. १९२८ सालीं तेलें व चरबी यांवरील आयात जकातीविषयीं त्यांचें पुस्तक निघालें. जकात बसविली तर भाव किती चढेल हा प्रश्न. आणि त्याचें उत्तर देण्यास मागणी किती लवते नि पुरवठा किती लवतो हें वेगवेगळें कळावयास हवें. पुस्तकाच्या एका परिशिष्टांत त्यांनीं युक्ति सांगितली ती अशी. जी गोष्ट फक्त पुरवठ्याला धक्का देते आणि गिऱ्हाइकाच्या इच्छेला स्पर्शही करीत नाहीं, अशी एखादी गोष्ट शोधा. जवसाच्या बाबतींत हवामानावर अवलंबून असणारें एकरी उत्पन्न ही तशी गोष्ट होय. त्या धक्क्यापुरती भावांत आणि खपांत जी हालचाल झाली तेवढीच हिशेबांत धरा; ती मागणीच्या रेषेवरच घडलेली असणार. लासलगांवच्या भाषेंत बोलावयाचें तर, गारा कोठें पडाव्या हें मुंबईच्या स्वयंपाकघरांत ठरत नसतें, म्हणून गारांचे दिवस आपल्या कामाचे. पुढें या युक्तीला साधन-चलाची पद्धति असें नांव मिळालें. पण तें परिशिष्ट पुष्कळ वर्षें उपेक्षितच राहिलें. तें फिलिप राइट यांचें कीं त्यांचे आनुवंशिकशास्त्रज्ञ पुत्र स्यूअल राइट यांचें, असाही वाद होता. २००३ सालीं दोघांच्या लेखनशैलींतील शब्दांची मोजदाद करून तो पित्याच्या बाजूनें निकालांत निघाला. संख्याशास्त्रानें आपल्याच घरचा वारसा-तंटा सोडविला म्हणावयाचा!

ही युक्ति ऐकतांना सोपी वाटते, आणि त्यांतच धोका आहे. विद्यार्थ्याला 'साधन' हा शब्द सांपडला, कीं तो हाताला लागेल त्या वस्तूला साधन म्हणूं लागतो. या मोहापायीं मोठमोठ्यांचीही कशी कसोटी लागते हें पाहण्यासारखें आहे. शिक्षणाच्या एका जादा वर्षानें मिळकत किती वाढते, हा जुना प्रश्न. अधिक शिकलेले अधिक मिळवितात हें दिसतेंच. परंतु तें शिक्षणामुळें, कीं मुळांतल्या बुद्धीमुळें नि घरच्या सुस्थितीमुळें? १९९१ सालीं जोशुआ अँग्रिस्ट व अ‍ॅलन क्रूगर यांनीं अमेरिकेच्या जनगणनेंतून एक नामी मार्ग काढला. तेथें त्या काळीं शाळाप्रवेश वर्षाच्या हिशेबानें होई, पण शाळा सोडण्याची मोकळीक मिळे ती सोळावा किंवा सतरावा वाढदिवस आला म्हणजे. म्हणून जानेवारी ते मार्चमध्यें जन्मलेलीं मुलें थोड्या मोठ्या वयांत शाळेंत जात, आणि सोडावयाचें म्हटलें तर थोड्या कमी शिक्षणावर सोडूं शकत. जन्माचा महिना कोणी बुद्धि पाहून निवडीत नाहीं. तेव्हां त्या महिन्यामुळें पडलेला शिक्षणांतला फरक निर्मळ असला पाहिजे. तीन लाखांहून अधिक पुरुषांचे आंकडे घेऊन त्यांनीं हिशेब केला, आणि उत्तर साध्या समाश्रयणाच्या उत्तराजवळच आलें.

सर्वत्र वाहवा झाली, आणि ती योग्यही होती. पण १९९५ सालीं बाउंड, जेगर आणि बेकर या तिघांनीं एक खोडसाळ प्रयोग केला. खऱ्या जन्मतिमाहीच्या जागीं त्यांनीं फासे टाकावे तशा मनमानी तिमाह्या भरल्या आणि तेंच गणित पुन्हां मांडलें. उत्तर जवळपास तसेंच आलें, आणि त्याच्याजवळची अचूकतेची खूणही तितकीच विश्वासार्ह दिसली! कारण असें कीं, जन्माच्या महिन्यामुळें शिक्षणांत पडणारा फरक वर्षाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. इतक्या दुबळ्या धक्क्याचीं शेंकडों पोटसाधनें केलीं, म्हणजे गणित गुपचूप साध्या समाश्रयणाकडेच घसरतें, आणि वाचणाऱ्याला वाटतें कीं दोन स्वतंत्र साक्षीदार एकच सांगताहेत. तेव्हांपासून साधनाचा जोर आधीं तपासून दाखविण्याचा प्रघात पडला. पुढें २०१३ मध्यें बकल्स आणि हंगरमन यांनीं दाखविलें कीं, अमेरिकेंत हिवाळ्यांत जन्मणाऱ्या मुलांच्या माता सरासरीनें कमी वयाच्या व कमी शिकलेल्या असतात. म्हणजे जन्ममहिनाही अगदींच निर्मळ नव्हे. यांतून अँग्रिस्ट यांची योग्यता उणावली नाहीं. त्यांना २०२१ सालीं कार्ड आणि इंबेन्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. क्रूगर मात्र तें पाहावयास राहिले नव्हते. ते २०१९ मध्यें वारले. माझ्या वर्गांत मी हे तिन्ही लेख एकापाठोपाठ वाचावयास देतों. एका पाठ्यपुस्तकाच्या चार प्रकरणांनीं जें होत नाहीं, तें या तीन लेखांनीं होतें.

पण कोणी असें समजूं नये कीं, चांगल्या संशोधनाला असली एखादी चमत्कारिक युक्ति लागतेच. नीट निवडलेली तुलना पुष्कळ वेळां पुरेशी होते. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांत मूल मराठी शाळेंत घालावें कीं इंग्रजी शाळेंत, हा वाद कधीं ना कधीं झाला असेल. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोघांनीं हा प्रश्न मुंबईस, दादर भागांत, अभ्यासिला. तो लेख २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील शाळांत १९८२ पासून वीस वर्षांच्या काळांत दाखल झालेल्या मुलामुलींच्या चार हजारांहून अधिक मराठी कुटुंबांची त्यांनीं माहिती घेतली. नव्वदच्या दशकांत अर्थव्यवस्था खुली झाली आणि इंग्रजी येणाऱ्याच्या कमाईला एकदम भाव आला. अशा वेळीं श्रमिक जातींतील मुलगे मराठी शाळांतच मोठ्या प्रमाणावर राहिले, पण त्याच जातींतील मुली मात्र झपाट्यानें इंग्रजी शाळांकडे वळल्या.

आतां येथें तुलनेचें मर्म पाहा. मुलगे मागें राहिले याचें कारण गरिबी, किंवा आईबापांची उदासीनता, असें कोणीही चटकन म्हणेल. पण गरिबी काय ती मुलापुरती असते आणि मुलीच्या वेळीं नाहींशी होते? घर तेंच, आईबाप तेच, जात तीच. मुलगी हीच येथें मुलग्याची तुलना झाली, आणि तिनें एका झटक्यांत निम्मीं पर्यायी कारणें निकालांत काढलीं. उरलें तें कारण असें: मुंबईंत गिरण्या, गोद्या, कारखाने यांतल्या नोकऱ्या पिढ्यान् पिढ्या जातभाईंच्या ओळखीनें लागत आल्या. मुलग्याला ती वाट ठेवलेली होती, म्हणून तो जुन्या वाटेनेंच गेला. मुलीला तसली ओळखच नव्हती, म्हणून ती मोकळी होती. जें कवच एके काळीं आधाराचें होतें तेंच बदलत्या काळांत बेडी झालें. या सिद्धान्ताशीं कोणाचा मतभेद असूं शकेल; तथापि वाद कोठें घालावा हें तुलनेनेंच ठरवून दिलें आहे. प्रबंध लिहिणाऱ्यानें एवढें साधलें तरी पुष्कळ झालें.

तुलना चांगली असूनही माणूस फसतो तो साक्षीदार मोजण्यांत. शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपण म्हणतों. खरें आहे, पण एका पातेल्यांतलीं शंभर शितें चेपून पाहिलीं तरी परीक्षा एकाच पातेल्याची होते, शंभर पातेल्यांची नव्हे. एका गांवांतलीं चाळीस कुटुंबें हे चाळीस स्वतंत्र साक्षीदार नसतात. एकाच विहिरीचें पाणी, एकच पाऊस, एकच सावकार. हें विसरून केलेल्या हिशेबांत उत्तर असावें त्याहून फार निश्चित दिसतें. २००४ सालीं बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनीं अमेरिकेच्या राज्यांतील स्त्रियांच्या वेतनाचे आंकडे घेऊन, जे कधीं झालेच नाहींत असे काल्पनिक कायदे कांहीं राज्यांना मनानेंच लावून पाहिले. नेहमींच्या रीतीनें कसोटी घेतली तर या नसलेल्या कायद्यांचा 'परिणाम' शंभरांत पांच वेळां दिसावा. तो दिसला शंभरांत पंचेचाळीस वेळांपर्यंत. कोष्टकांत आंकड्याच्या डोक्यावर जी तारका असते, तिच्या मागें लागून रात्री जाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग भिंतीवर लावून ठेवावा. वीस निरर्थक गणितें मांडलीं तर एखादें तारका घेऊन येणारच. आणि प्रबंधांत तेवढेंच छापून बाकीचीं एकोणीस टोपलींत टाकलीं, तर तें शास्त्र नव्हे, सोडतीचें तिकीट झालें.

हें सारें आंकडे हातीं आल्यानंतरचें. परंतु आंकडा जन्मतो कोठें? कोणीएक पाहणीदार कोणाएकाच्या ओटीवर बसतो, एक प्रश्न विचारतो आणि उत्तर लिहून घेतो. तो प्रश्न कोणत्या शब्दांत होता हें ज्यानें वाचलें नाहीं, त्यानें पुढचीं गणितें करूं नयेत असें मला वाटतें. महालनोबिस यांच्या पुढाकारानें १९५० सालीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या खर्चाच्या पाहणींत, गेल्या तीस दिवसांत घरांत काय काय आलें असें विचारण्याची रीत होती. पुढें शंका निघाली कीं, तीस दिवसांपूर्वींचें कोणाला नीट आठवतें? म्हणून नव्वदच्या दशकांत कांहीं फेऱ्यांतून प्रयोग केला: निम्म्या कुटुंबांना अन्नाचा खर्च सात दिवसांचा विचारला, निम्म्यांना तीस दिवसांचा. सात दिवसांच्या उत्तरांत खर्च इतका अधिक निघाला कीं, त्या हिशेबानें देशांतले दरिद्री जवळ जवळ निम्मे झाले! कोणाच्या ताटांत एक घांसही अधिक पडला नव्हता. फक्त प्रश्न बदलला होता.

मग १९९९-२००० च्या मोठ्या पाहणींत तडजोड म्हणून अन्नादि वस्तूंसाठीं दोन्ही रकाने शेजारीं शेजारीं छापले आणि एकाच कुटुंबाला दोन्ही प्रश्न विचारले. साहजिकच एका उत्तराची दुसऱ्यावर छाया पडली. त्या पाहणीवरून सरकारी हिशेब आला तो असा कीं, १९९३-९४ मध्यें लोकसंख्येच्या ३६ टक्के असलेले दरिद्री २६ टक्क्यांवर आले. देशाची लोकसंख्या तेव्हां सुमारें शंभर कोटि. म्हणजे त्या दहा टक्क्यांतला एकेक टक्का हा एकेक कोटि माणसांचा. ही दहा टक्क्यांची घट उदारीकरणाची कमाई, कीं रकान्यांची? या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षें कडाक्याचा वाद झाला. अँगस डीटन यांनीं त्यांतून जो मार्ग काढला तो अर्थमितीच्या उत्तम उपयोगाचा नमुना आहे. त्यांनीं पाहिलें कीं, सरपण-दिवाबत्ती व तत्सम कांहीं वस्तूंचा प्रश्न दोन्ही पाहण्यांत सारखाच, तीस दिवसांचा, राहिला होता. त्या न बिघडलेल्या खर्चावरून कुटुंबाच्या एकंदर ऐपतीचा अंदाज बांधतां येतो. त्या रीतीनें घट खरी ठरली, पण सरकारी आंकड्याहून कमी. पद्धति तेथें कामास आली. मात्र कामास कोठें लावावी हें प्रश्नपत्रिका वाचणाऱ्यालाच सुचलें.

आपल्याकडे याची परंपरा नाहीं असें नाहीं. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें पुणें शहराची जी सामाजिक व आर्थिक पाहणी केली आणि १९४५ व १९५२ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केली, ती आजच्या विद्यार्थ्यानें चाळावी. तींत भारी गणित नाहीं. कोणाला विचारलें, काय विचारलें, कोणीं उत्तर दिलें नाहीं, हें मात्र सांगण्याची निष्ठा आहे.

आतां शिकण्याची रीत. संभाव्यतेचें आणि सारणी-गणिताचें थोडें ज्ञान लागतें. तें टाळतां येत नाहीं, पण दोन-तीन महिने मन लावून बसल्यास त्यानें भिण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं. पुस्तकें पुष्कळ आहेत. मुंबई विद्यापीठांतून पदवी घेऊन अमेरिकेंत अध्यापक झालेले दामोदर गुजराथी यांचें १९७८ सालीं प्रथम निघालेलें पाठ्यपुस्तक आपल्या देशांत पिढ्यांनीं वापरलें आहे, आणि आरंभाला तें अद्यापि चांगलें. अँग्रिस्ट आणि पिश्के यांचें २००९ चें छोटें पुस्तक वाचावयास गोड, पण पहिलें म्हणून वाचूं नये. त्याचा विनोद कळण्यास आधीं थोडें रडलेलें असावें लागतें.

पुस्तकांपेक्षां दोन सवयींवर माझा अधिक विश्वास आहे. एक अशी कीं, खरे आंकडे हातीं घेण्यापूर्वीं खोटे आंकडे स्वतः तयार करावे. शिक्षणाच्या एका वर्षानें मिळकत आठ टक्के वाढते असें आपणच ठरवावें, त्यांत बुद्धि नांवाची एक न दिसणारी वस्तु मिसळावी, यदृच्छेची धूळ उडवावी, आणि मग यंत्राला विचारावें, किती टक्के? यंत्र बारा म्हणेल. खरें उत्तर आपल्याला ठाऊक असल्यामुळें पद्धति केव्हां नि किती खोटें बोलते हें एका संध्याकाळीं उमगतें. दुसरी सवय, कोणी प्रसिद्ध केलेला एक लेख घेऊन तो मुळापासून पुन्हां करून पाहण्याची. आतां बऱ्याच प्रमुख नियतकालिकांत लेखाबरोबर आंकडे आणि गणिताच्या आज्ञावलीही ठेवाव्या लागतात. त्या कोणालाही उतरून घेतां येतात. पहिल्या कोष्टकांतला पहिला आंकडा जुळावयास कधीं कधीं आठवडा जातो. कोणतीं कुटुंबें गाळलीं, रिकामी जागा शून्य धरली कीं वगळली, कोणत्या कुटुंबाला किती वजन दिलें, हें सारें त्या आठवड्यांत समजतें. लेखांत तें एका ओळींत उरकलेलें असतें. गवयाच्या घरीं शागीर्द जसा वर्ष वर्ष एकच चीज घोटतो, तसा एक लेख घोटलेला विद्यार्थी दहा पद्धतींचीं नांवें पाठ असलेल्यापुढें केव्हांही उभा राहील.

मार्गदर्शकांनींही विषय ठरवितांना विद्यार्थ्याकडून एक पानभर मजकूर आधीं मागावा: कोणाची तुलना कोणाशीं करणार, ती तुलना निर्मळ मानण्यास आधार काय, आणि उलट उत्तर आलें तर काय लिहिणार. या पानांत एकही सूत्र नसावें. तें पान लिहितां आलें तर पद्धति आपोआप ठरते, आणि बहुधा ती साधीच निघते. नाहीं लिहितां आलें, तर विषय बदलण्यास तीच वेळ योग्य. मार्च महिन्यांत तें फार महाग पडतें.

राहतां राहिला यंत्राच्या आज्ञावलींचा खर्च, कारण पालक तोही प्रश्न विचारतात. विकत मिळणाऱ्या आज्ञावली महाग आहेत. पण न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत इहाका आणि जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं नव्वदच्या दशकांत 'आर' नांवाची एक भाषा रचली. ती सर्वांना फुकट मिळते, घरच्या साध्या संगणकावर चालते, आणि आज मीं ज्यांचा उल्लेख केला त्या सर्व पद्धति तींत आहेत.